गाणे आरोपी नव्हे आणि वैद्यही नव्हे

अमेरिकन ग्रंथालय संघटना दरवर्षी एक यादी प्रसिद्ध करते. शाळांच्या व गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून काढून टाकावीत अशी मागणी ज्या पुस्तकांबाबत सर्वाधिक वेळा झाली, त्यांची ही यादी असते. स्टीफन शबॉस्की यांची ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ ही कादंबरी १९९९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली, आणि २००६, २००८, २००९, २०१३, २०१४ व २०२३ या सालांच्या याद्यांत तिचे नाव झळकले. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या एका लहानशा कादंबरीचे भय पालकांच्या एका वर्गाला इतकी वर्षे वाटत राहावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पुस्तकात समलिंगी प्रेम आहे, अमली पदार्थ आहेत, गर्भपात आहे, आत्महत्येचा उल्लेख आहे, असे आक्षेप घेतले जातात. हे सारे पुस्तकात आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की, ते मुलांच्या आयुष्यात नसते तर पुस्तकात आले असते काय?

कादंबरीचा काळ १९९१ ची अखेर व १९९२ चा पूर्वार्ध असा आहे. स्थळ पिट्सबर्ग शहराचे मध्यमवर्गीय उपनगर. चार्ली हा पंधरा वर्षांचा मुलगा माध्यमिक शाळेच्या वरच्या टप्प्यात नुकताच दाखल होत आहे. एका अनोळखी ‘मित्रा’ला तो पत्रे लिहितो, आणि या पत्रांचीच कादंबरी झालेली आहे. समारंभात कोणी नाचायला बोलावीत नाही म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्याला इंग्रजीत ‘वॉलफ्लॉवर’ म्हणतात. चार्ली तसा आहे. तो सर्वांना पाहतो, सर्वांचे ऐकतो. स्वतः मात्र बाजूला राहतो. काही महिन्यांपूर्वी त्याच्या मायकल नावाच्या मित्राने आत्महत्या केली आहे. त्या वेळी शाळेचे समुपदेशक मुलांना सांगतात की, मायकलच्या घरी काही अडचणी असाव्यात आणि मन मोकळे करायला त्याला कोणी नसावे. हे ऐकून चार्लीचा तोल सुटतो. कारण बोलायला कोणी नव्हते असे म्हणणे म्हणजे चार्ली नव्हताच असे म्हणणे. एका मृत्यूची नोंद दोन वाक्यांत करून शाळा मोकळी होते आणि मागे उरलेला मुलगा आपले दुःख टपालपेटीत टाकू लागतो.

पुढे त्याला पॅट्रिक आणि सॅम ही सावत्र भावंडे भेटतात. ती वयाने मोठी आहेत, धीट आहेत, आणि त्यांच्याजवळ गाणी आहेत. या कादंबरीतील मैत्रीची देवाणघेवाण मुख्यतः गाण्यांतून होते. चार्ली पॅट्रिकसाठी निवडक गाण्यांची एक ध्वनिफीत तयार करतो. ‘द स्मिथ्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे १९८५ सालचे ‘अस्लीप’ हे गाणे त्या फितीत दोनदा येते. पुन्हा जाग येऊ नये अशा झोपेची इच्छा करणारे हे गाणे आहे. ज्याचा मित्र नुकताच जीव देऊन गेला आहे, अशा मुलाने तेच गाणे दोनदा निवडावे, याचा अर्थ त्याच्या आसपासच्या कोणाही प्रौढाने विचारला नाही. ती फीत प्रौढांच्या कानांवर पोचलीच नाही. बोगद्यातून वेगाने जाणारी गाडी, चालू असलेले गाणे, आणि बोगदा संपताच एकाएकी समोर उभे राहणारे दिव्यांचे शहर हा कादंबरीतील प्रसंग तरुण वाचकांना विशेष प्रिय झाला. २०१२ मध्ये शबॉस्की यांनीच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटामुळे तो जगभर पोचला. त्या क्षणी चार्लीला जे वाटते ते खोटे नाही. गाण्यामुळे एकाकी माणसाला सोबत मिळते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

या ध्वनिफितीचे अर्थशास्त्रही पाहण्यासारखे आहे. नव्वद मिनिटांची फीत भरायला त्या काळी निदान नव्वद मिनिटे बसावे लागे. एकेक गाणे शोधायचे, क्रम ठरवायचा, बटण वेळेवर दाबायचे, वेष्टनावर स्वतःच्या अक्षरांत नावे लिहायची. बाजारात या श्रमाला किंमत शून्य होती. ज्याच्यासाठी ते केले त्याच्या लेखी ती अमूल्य होती. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. ध्वनिमुद्रण उद्योगाने मात्र या देवाणघेवाणीकडे चोरी म्हणूनच पाहिले. घरी गाणी उतरवून घेणे संगीताचा जीव घेत आहे, अशी मोहीम ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये चालविली. अमेरिकेत १९९२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे चार्लीची कहाणी संपते त्याच साली, अंकीय ध्वनिमुद्रण यंत्रांवर स्वामित्वशुल्क बसविणारा कायदा झाला, आणि स्वतःपुरते गाणे उतरवून घेणाऱ्यावर खटला भरता येणार नाही हेही त्यात मान्य झाले. योगायोग असा की, मुलांच्या या बिनपैशांच्या मैत्रीची कथा छापली ती ‘एम टीव्ही’ या संगीत-वाहिनीच्या नावाने निघणाऱ्या पुस्तकमालेने. ती वाहिनी आणि पुस्तकाची प्रकाशनसंस्था या दोहोंची मालकी तेव्हा ‘व्हायाकॉम’ या एकाच महामंडळाकडे होती. भांडवलशाही ज्याला आज चोरी म्हणते, त्याच्याच आठवणी उद्या विकते. यामुळे कादंबरीचे मोल कमी होत नाही. ती कोणत्या व्यवस्थेत जन्मली एवढेच त्यातून कळते.

तरुणांच्या मानसिक दुःखाचा विषय निघाला की, अमेरिकन समाजाने प्रथम गाण्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. १९८५ च्या सप्टेंबरात सिनेटच्या समितीपुढे गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली आणि तबकड्यांवर पालकांसाठी इशारा छापण्याची प्रथा रूढ झाली. १९९० मध्ये नेवाडा राज्यातील न्यायालयात ‘जूडास प्रीस्ट’ या वाद्यवृंदावर खटला चालला. १९८५ मध्ये दोन तरुणांनी आत्मघाताचा प्रयत्न केला, त्याला तबकडीत दडविलेला संदेश कारणीभूत आहे, असा दावा होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. १९९९ च्या एप्रिलमध्ये, ही कादंबरी बाहेर पडल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत हत्याकांड घडले, आणि पुन्हा बोट गाण्यांकडे वळले. बंदुकीच्या बाजाराचा, शाळेतील छळाचा, घरातील मारहाणीचा प्रश्न मागे पडला. गाण्यावर खापर फोडणे स्वस्त असते. त्यासाठी अंदाजपत्रकात एक डॉलरचीही तरतूद करावी लागत नाही.

याच्या नेमकी उलट असणारी समजूत आज अधिक प्रचलित आहे. गाणे हेच औषध आहे, उदास वाटत असेल तर अमुक गाणी ऐका, असे सांगणाऱ्या याद्या मनःस्थितीनुसार तयार करून भ्रमणध्वनीवर विकल्या जातात. संगीतोपचार ही एक शिस्तबद्ध विद्या आहे, याबद्दल शंका नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत तिचा उपयोग झाला, आणि १९५० मध्ये अमेरिकेत त्या विषयाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परंतु तेथे प्रशिक्षित माणूस असतो, रुग्णाची नोंद असते, उपचाराची योजना असते. कानाला यंत्र लावून एकट्याने खोलीत बसणे म्हणजे संगीतोपचार नव्हे. वरवर पाहता ‘गाणे मारते’ आणि ‘गाणे तारते’ ही मते परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोन्हींचे काम एकच आहे. माणसांनी आणि संस्थांनी उचलायचा भार ती गाण्यावर टाकतात.

शबॉस्की यांच्या कादंबरीचा मोठेपणा असा की, ती या दोन्ही समजुतींना बळी पडत नाही. चार्लीला काय मिळाले नाही? गाणी मिळाली, जिवाभावाचे मित्र मिळाले. बिल नावाचे इंग्रजीचे शिक्षक मिळाले. ते त्याला वर्गाबाहेरची पुस्तके देतात आणि त्याच्या बहिणीला तिचा मित्र मारतो हे कळताच तिच्या घरी कळवितात. सबंध पुस्तकात ऐकल्यावर कृती करणारे प्रौढ माणूस म्हणून हे शिक्षक उठून दिसतात. त्यांनी दिलेल्या पुस्तकांत सॅलिंजर यांची १९५१ सालची ‘द कॅचर इन द राय’ आहे. मराठीत नेमाडे यांच्या ‘कोसला’शी तिची तुलना पुष्कळदा झाली असल्याने एकाकी तरुणाचा हा निवेदनस्वर मराठी वाचकाला अपरिचित नाही. इतके सारे मिळूनही वर्षाच्या अखेरीस, सॅम महाविद्यालयासाठी गाव सोडू लागते तेव्हा, चार्ली कोसळतो. लहानपणी हेलन मावशीने केलेले लैंगिक शोषण त्याच्या स्मृतीने दडवून ठेवले होते; ते वर येते. ज्या मावशीवर त्याने सर्वाधिक प्रेम केले, जी त्याच्याच वाढदिवसाची भेट आणायला गेली असता अपघातात मरण पावली, तिनेच हे केलेले असते. आणि तीही लहानपणी अशाच अत्याचाराला बळी पडलेली असते. ही जखम कोणत्याही गाण्याने बरी होणारी नव्हती. चार्ली सुमारे दोन महिने रुग्णालयात राहतो, डॉक्टरांशी बोलतो, आणि मग घरी येतो. तेथे त्याचे मित्र त्याला भेटायला येतात, गाणीही पुन्हा सोबतीला येतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाण्याने त्याला तग धरायला मदत केली. बरे केले ते उपचारांनी.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न असा की, या दोन महिन्यांचा खर्च कोणी दिला? कादंबरीचा तो विषय नाही, आणि तसा आग्रहही धरता येणार नाही. परंतु वाचकाने तो विचारला पाहिजे. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यांतील अनेक रुग्णालये म्हणजे कोंडवाडे होते, आणि ते रिकामे करावेत ही भूमिका मानवतेची होती. १९६३ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष केनेडी यांनी सही केलेल्या कायद्याने ठिकठिकाणी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे उभारायची होती. रुग्णालये रिकामी झाली. केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत. अध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत १९८० मध्ये या केंद्रांना बळ देणारा कायदा झाला. रेगन प्रशासनाने १९८१ मध्ये त्याचा बराचसा भाग रद्द केला, निधीला कात्री लावली आणि उरलेली रक्कम राज्यांच्या हवाली केली. चार्लीची पिढी वाढली ती या कपातीच्या दशकात.

ज्यांच्याजवळ नोकरीसोबत येणारा विमा होता, त्यांचीही सुटका नव्हती. हाड मोडले तर एक नियम आणि मन मोडले तर दुसरा, अशी विमा कंपन्यांची रीत होती. १९९६ च्या कायद्याने मोठ्या नोकरदार-योजनांत रकमेच्या मर्यादेपुरता हा भेद दूर केला. परंतु मानसिक आजारासाठी रुग्णालयात किती दिवस राहता येईल, डॉक्टरांकडे किती वेळा जाता येईल, यावरच्या मर्यादा तशाच राहिल्या. त्या दूर करणारा कायदा यायला २००८ साल उजाडावे लागले. म्हणजे चार्ली दोन महिने रुग्णालयात होता तेव्हा त्याच्या देशात यांपैकी कोणतेही संरक्षण नव्हते.

त्याच्या उपनगरापासून मनॉन्गहेला नदीकाठचे होमस्टेड गाव काही फार दूर नाही. कार्नेगींच्या पोलाद कारखान्यातील १८९२ चा ऐतिहासिक संप याच गावात झाला. तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. १९५० मध्ये पौने सात लाखांवर असलेली पिट्सबर्ग शहराची लोकवस्ती १९९० पर्यंत तीन लाख सत्तर हजारांच्या आत आली. ज्या कामगाराची नोकरी गेली त्याचा विमाही नोकरीबरोबर जातो, ही अमेरिकन व्यवस्थेची मेख आहे. होमस्टेडमधील बेकार कामगाराच्या मुलाच्या मनावर असाच घाव असता, तर त्याच्या वाट्याला ते दोन महिने आले असते काय? गाणी त्यालाही मिळाली असती, कारण ती नभोवाणीवर फुकट होती. डॉक्टर मिळाला असता याची खात्री नाही.

कादंबरीची मर्यादा येथेच आहे. अखेरीस चार्ली कोणावर सूड धरीत नाही. मावशीवर कोणी अत्याचार केला, त्याच्यावर कोणी, अशी दोषाची साखळी मागे मागे नेत बसण्यापेक्षा ती आपल्यापाशी थांबवावी, असे त्याला वाटते. व्यक्ती म्हणून ही भूमिका उदात्त आहे. समाजाने मात्र तिच्याआड लपू नये. व्यक्तीने क्षमा केली म्हणून शाळेचे, रुग्णालयाचे आणि शासनाचे उत्तरदायित्व संपत नाही.

पुस्तक नको म्हणणाऱ्या पालकांची भीती सर्वस्वी मूर्खपणाची आहे, असेही म्हणता येणार नाही. आत्महत्येच्या भडक वर्णनाने अनुकरण वाढते, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. गटेच्या १७७४ सालच्या कादंबरीतील नायकावरून त्याला १९७४ मध्ये ‘वेर्थर परिणाम’ असे नाव मिळाले. परंतु या विद्येची दुसरी बाजूही आहे. संकटातून माणूस कसा बाहेर पडला हे सांगणारे लेखन वाचकाला आधार देऊ शकते, असे ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांच्या अभ्यासातून २०१० मध्ये पुढे आले, आणि त्याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. पापागेनो हे मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ‘जादूची बासरी’ या संगीत नाटकातील पात्र. निराश होऊन तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुले येतात आणि जवळच्या घंटा वाजव, अशी त्याला आठवण करून देतात. घंटा त्याच्याजवळ आधीपासूनच होत्या. दुःखाच्या भरात त्या त्याला आठवल्या नाहीत. आठवण द्यायला माणसे यावी लागली. शबॉस्की यांची कादंबरी या दुसऱ्या प्रकारात मोडते. मायकलचा मृत्यू तीत रंगविलेला नाही. मागे राहिलेल्यांचे काय होते आणि उपचारांनी मुलगा उभा कसा राहतो, हे तिने दाखविले आहे. शिवाय ज्या मुलावर घरातच अत्याचार झाला, त्याला तो सांगायला शब्द लागतात. ते शब्द असलेले पुस्तक ग्रंथालयातून काढून टाकले तर फायदा अत्याचार करणाऱ्याचा होतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांची जी पाहणी केली, तीत शंभरांतील चाळिसांनी सतत दुःख वा निराशा वाटत असल्याचे सांगितले. आत्महत्येचा गंभीर विचार मनात आल्याचे विसांनी सांगितले. अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक शालेय समुपदेशक असावा, अशी त्या व्यवसायाच्या संघटनेची शिफारस आहे. देशाच्या सरासरीने अजून ते प्रमाण गाठलेले नाही. पुस्तकांवरील तक्रारींच्या सुनावणीत जो वेळ जातो, त्यातला थोडा या आकड्यांकडे वळला तर मुलांचे अधिक भले होईल.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याची सोय महाराष्ट्राला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४ होता. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, असे आपला २०१७ चा कायदाही सांगतो. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये दिले. कायदा आहे, निर्देश आहेत; पद, वेतन आणि माणूस यांची तरतूद हवी.

तेव्हा मागणी कोणती करावयाची, हे स्पष्ट आहे. ग्रंथालयात हे पुस्तक राहू द्यावे, मुलांना त्यांची गाणी ऐकू द्यावीत, आणि पालकांनी व शिक्षकांनी ती कधी तरी त्यांच्यासोबत बसून ऐकावीत. त्याचबरोबर प्रत्येक शाळेत पगारी, प्रशिक्षित समुपदेशक आणि प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात मनाच्या आजारासाठी खाट व डॉक्टर असला पाहिजे. त्याचा खर्च बापाच्या नोकरीवर अवलंबून न राहता सार्वजनिक तिजोरीतून झाला पाहिजे. अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा आरोग्याच्या रकान्यात मनासाठी किती पैसा ठेवला आहे, हे आमदारांना आणि खासदारांना नाव घेऊन विचारण्याचे काम मतदारांचे आहे.